शिबिरातली बादली

नवऱ्याची नसबंदी झालेली आहे आणि बायकोला दिवस गेलेत, असं कानावर आलं तर तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? खरं सांगा. चारचौघांत द्यायचं उत्तर नको. हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत जे मनात आलं, ते सांगा. त्या प्रश्नानं माझी मैत्रीण कुसुम मेली. सव्वा महिना झाला.

तिचा भाऊ दिनकर वाशीमला आमच्या दारात आला, तेव्हा मी ओट्यावर बसून सभेच्या पत्रकांना घड्या घालत होते. तो चपला न काढता तसाच उभा राहिला. "कुसुम गेली," म्हणाला. "कुठं?" मी विचारलं, आणि पुढची घडी घातली... तिशीही न ओलांडलेली, तीन लेकरांची आई, बाजाराला आली की आमच्या दारी हाक मारल्याशिवाय परत न जाणारी बाई. ती जाऊन जाऊन कुठं जाणार? दिनकर दारातच खाली बसला. तेव्हा कळलं.

आमच्या घरी धान्यापेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले, आणि मी अक्षरं शिकले तीही त्या पत्रकांवरच. शाळेत असताना कुसुम आणि मी ती बाजारात वाटायचो. माझा आवाज चिरका, तिचा खणखणीत. "घ्या हो घ्या, फुकट हाय! वाचाले नाय तं भजे बांधाले घ्या!" लोक हसत हसत घ्यायचे. वडलांना म्हणायची, "काका, तुमची पत्रकं वाटता वाटता माह्या चपला झिजल्या. समता कवा येते?" वडील म्हणायचे, "येईल पोरी, तोवर नवीन चपला घे." पुढं तिचं लग्न रिठदच्या महादेवशी झालं. थोडीशी कोरडवाहू शेती, आणि माणूस असा की विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. कुसुमनं त्याला बोलायला शिकवलं असं तिची सासूच सांगायची, अर्धं कौतुकानं आणि अर्धं रागानं.

तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. मग आणीबाणी आली. जीपचा धुरळा दिसला की गडीमाणसं तुरीत लपायची. महादेव मात्र नसबंदीच्या शिबिराला आपल्या पायानं गेला, कारण कुसुमनं पाठवलं. "तीनदा मी जिवावर उदार झाली. आता तुमी एक दिवस जा." तो म्हणाला, "अन् दुखलं तं?" "दुखलं तं पाय चेपून देईन. माहे कोनी चेपले?" संध्याकाळी ट्रकमधून उतरला तो हातात कोरी बादली घेऊन. शिबिरात मिळालेली. सोबत एवढंच सांगणं मिळालं होतं की घरी जा, आता चिंता मिटली. मी त्या आठवड्यात रिठदला गेले, तर तिनं त्याच बादलीतलं पाणी माझ्या पायांवर घातलं. "पाह्य, इमले, आमच्या घरच्या मर्दाची निशानी!" महादेव लाजून गोठ्यात पळाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर तिचं बाजाराला येणं झालं नाही.

पुढचं मला दिनकरकडून आणि महादेवकडून कळलं. दोनेक महिन्यांत कुसुमला दिवस गेले. ती बादली गावात सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. विहिरीवर एकीनं विचारलं, "बादली तं शिबिराची हाय कुसुम, अन् पानी कोनाचं व?" सगळ्या हसल्या. जिच्या जिभेला सारा बाजार भ्यायचा, तिला उत्तर सुचलं नाही. कसं सुचणार? आपण दुसऱ्या कोणाकडं पाहिलंही नाही, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याची नस कापली आहे, हेही ठाऊक होतं. दोन्ही खरं, आणि तरी दिवस राहिलेले... त्या संध्याकाळी महादेवनं विचारलं, "कोनाचं?" "तुमचंच." त्यानं हात उगारला नाही. घोंगडी उचलली आणि शेतातल्या खोपीत निजायला गेला. कुसुमनं शिकवलेलं बोलणं त्यानं त्या दिवशी बंद केलं.

म्हणून ती शेजारच्या गावातल्या, पोट पाडून देणाऱ्या एका बाईकडं गेली. एकटी. परत आली ती अंगात ताप घेऊन, आणि अंगावरून जाणं थांबत नव्हतं. कोणाला कळू नये म्हणून त्याच तापात पाणी भरत राहिली. अंगणात कोसळली, तेव्हा बैलगाडी जुंपली. दवाखान्यात पोचेपर्यंत अंगातलं रक्त सरलं होतं.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी त्या दवाखान्यात गेले. भांडायलाच गेले होते. तिला शेवटचं पाहणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं आणि शांतपणे सांगितलं, नसबंदीनंतर लगेच निर्धास्त होता येत नाही. तीनेक महिने जपावं लागतं, निरोध वापरावा लागतो, मग तपासणी करून खात्री करायची. तोवर दिवस राहू शकतात. नवऱ्यापासूनच. "हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं?" त्यांनी मलाच विचारलं. आणि इथंच न थांबता त्या पुढं म्हणाल्या, मूल ठेवायचं असतं तर ठेवता आलं असतं, आम्ही नीट बाळंतपण केलं असतं. नको असतं तर, उपाय करूनही दिवस राहिलेल्या विवाहित बाईला कायद्यानं वेळेत सरकारी दवाखान्यात गर्भपात करून घेता येतो. तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

कायदा होऊन वर्षं झाली होती. भिंती घोषणांनी रंगल्या, जीप फिरल्या, बादल्या वाटल्या, आणि एवढी दोन वाक्यं रिठदपर्यंत पोचली नाहीत? पत्रकांवर वाढलेल्या माझ्यापर्यंतसुद्धा पोचली नाहीत? कुसुमला ते मूल हवं होतं की नको होतं, हे मला आजही माहीत नाही. तिला ते कोणी विचारलंच नाही. सगळ्यांनी विचारलं ते एकच, कोणाचं.

तशीच रिठदला गेले. महादेव अंगणात दोर वळत बसला होता. डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. हातातला दोर सुटून उलगडत गेला तरी त्याला कळलं नाही. "मंग... ते माहं होतं?" मी हो म्हणून मान हलवली. "ते माहं होतं, इमलबाई? अन् ते सांगून राह्यली होती तवा मी..." सासू आतून म्हणाली, "ते बादली फेकून दे रे बापा, अवदसा हाय." महादेव उठला. बादली उचलली आणि सरळ विहिरीवर गेला. गडीमाणूस पाणी भरायला आलेला पाहून बायका बाजूला झाल्या. त्यानं बादली काठावर ठेवली आणि म्हणाला, "माहंच होतं. आयका साऱ्याजनी. ते माहंच होतं." कोणी हसलं नाही. दिनकर सांगतो, आता रोज सकाळी महादेवच पाणी भरतो, त्याच बादलीनं. बादलीला पोचा पडलाय. त्याला नवी नको आहे.

अशी बादली तुमच्याही गल्लीत कोणाच्या तरी दारात असेल. आज त्या घरी जा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगा, लाजू नका. आणि कुठल्या बाईला अवचित दिवस गेल्याचं कळलं, तर तोंडावर आलेला तो प्रश्न गिळा. "तुला काय पाहिजे?" एवढंच तिला विचारा, आणि ती सांगेल त्यासाठी तिच्याबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत चालत जा.