लोखंडावर उठलेलं अक्षर

कोल्हापुरात लोगो म्हणजे काय, हे कुणाला समजावायला जाऊ नये. माझं निम्मं आयुष्य त्यात गेलंय. इथं लोकांना लोगो नकोच असतो, फ्लेक्स हवा असतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वर नेते, मध्ये गॉगल घातलेले उत्सवमूर्ती आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं असतात ना, तेवढं सगळं रुपयाएवढ्या गोलात बसवून द्या, बास. त्यातलं एक तोंड जरी राहिलं, तरी पुढची दिवाळी अबोल्यात जाते.

बसवून दिलं की शेवटचं वाक्य ठरलेलं. "ताई, सगळं झ्याक हाय, फकस्त लोगो जरा मोठा करा की." अहो, कुठं मोठा करू? कागद संपला! हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. 'येथे लोगो मोठा करून मिळणार नाही' अशी पाटी दारावर लावायचं मी कितीदा ठरवलंय.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांचं काम आलं, ते मात्र मला मनापासून करायचं होतं. फौंड्री त्यांच्या वडिलांनी, आबांनी, उभी केलेली. आयुष्यभर पंप ओतले, पण सगळे दुसऱ्यांसाठी. ज्याची ऑर्डर, त्याचं नाव लोखंडावर. आता पहिल्यांदाच घरच्या नावाचा पंप निघणार होता. आबांची नजर तोवर पार गेलेली. "दिसत न्हाय तर न्हाय, हाताला तर लागंल," म्हातारा म्हणायचा. "एकदा आपलं नाव हाताला लागू द्या." मालक हे सांगताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू?

मी कामाला लागले. चित्र घ्यावं, की नुसतं अक्षर? लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. बारीक रेघ काढली की वाळू ढासळते आणि रेघ बुजते. रंग तर नाहीतच. म्हणून मी आबांच्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं, 'ग'. जाड, ठसठशीत, गोलात बसवलेलं, वरची रेघ तेवढी गोलाच्या बाहेर काढलेली. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावं.

मालकांनी कागद उलटा करून मागं काही आहे का बघितलं. "ह्यात काय केलासा ताई? हे तर आमची बालवाडीतली नात बी काढंल."

मग उचगावला त्यांच्या घरी बैठक बसली. सगळं घर जमलं, आबा सोडून. त्यांना काय विचारायचं, त्यांना दिसतंय कुठं? मालकांना भट्टीच्या ज्वाळा हव्या होत्या. धाकट्या भावाला सिंह हवा होता. सिंहाचा आणि पंपाचा काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाला, "रुबाब नको व्हय?" जावयांना पृथ्वीचा गोल हवा होता, पुढंमागं माल परदेशात गेला तर असावा म्हणून. घरच्या नावाचा माल अजून जिल्ह्यातल्या गडहिंग्लजलासुद्धा गेलेला नव्हता. पण जावयाला नाही कोण म्हणणार? वहिनींना कुलदैवताचा त्रिशूळ हवा होता. मी म्हटलं, "अहो, हे वाळूत उतरणार नाही."

धाकटा भाऊ उसळलाच. "ताई, आमास्नी वाळू शिकवू नगा. आमी वाळूतच जन्मलोय."

जन्मले होते खरं. पण मी स्क्रीनवर सगळं एका गोलात बसवून दाखवलं, सिंहाची आयाळ सोनेरी झळकली आणि सगळं खानदान वाळू विसरलं. "नाद खुळा!" धाकटा ओरडला. "विषयच हार्ड!" जावयांनी तिथल्या तिथं स्टेटस ठेवलं. मी हात टेकले. फाईल दिली, पण 'ग' वेगळा जपून ठेवला.

पहिला पंप भट्टीवरून निघाला त्या दिवशी पेढे, हार, सगळा थाट होता. मलाही बोलावणं होतं. आबांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, पंपाची बॉडी पुढ्यात ठेवली. त्यावर लोगो कुठं होता, ते मलाच शोधावं लागलं. ज्वाळा, सिंह, पृथ्वी, त्रिशूळ सगळं एकमेकांत वितळून नुसता एक गोळा उठला होता. सतरा लुगडी, तरी भागूबाई उघडी!

आबांनी बॉडीवरून सावकाश हात फिरवला. बोटं गोळ्यापाशी थांबली. पुन्हा फिरवली. कपाळाला आठी पडली.

"काय रं, घासायचं ऱ्हायलंय हितं," ते मालकांना म्हणाले. "असला माल दारातनं भाईर जाऊ देऊ नगं. ग्राइंडर मार त्याच्यावर."

जावई मोबाईलमध्ये बघायला लागले. 'आबा, तोच आपला लोगो हाय,' हे सांगायची एकाचीही छाती झाली नाही. शेवटी मालक "व्हय आबा" म्हणाले, स्वतः ग्राइंडर घेतला आणि सगळ्या घराण्याचा रुबाब घासून सपाट केला. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "ताई, ते बालवाडीवालं हाय का अजून?"

'ग' ओतला. मी बघायला गेले, तेव्हा ह्या खेपेला ना हार होते ना पेढे, जावईही नव्हते. आबांनी बॉडीवर हात फिरवला. बोट वरच्या रेघेवरून गेलं, खाली उतरलं, गोलाला वळसा घालून परत आलं.

"कुठल्या पार्टीचा माल म्हणायचा ह्यो?" त्यांनी विचारलं.

"आपलाच हाय, आबा," मालक म्हणाले. "तुमच्या नावाचा 'ग' हाय. ह्या ताईंनी काढलाय."

म्हाताऱ्याचं बोट पुन्हा पुन्हा त्या रेघेवरून फिरत राहिलं. मालकांनी तोंड फिरवलं. मी तर रडतच होते. मग आबांनी मान वर केली आणि माझ्या रडण्याचा आवाज कुठून येतोय त्या अंदाजानं म्हणाले,

"पोरी, झ्याक झालंय. फकस्त जरा मोठा कर की."

मी केला.