हिरड्या दिसणारं हसू

मुलीने दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली तेव्हा मला वाटलं, दाढ किडली असेल. मालाडच्या दवाखान्यात जाऊन बसल्यावर कळलं की दात ठणठणीत आहेत, तक्रार हसण्याची आहे. हसताना तिच्या वरच्या हिरड्या दिसतात. माझ्याही दिसतात. माझ्या आईच्याही दिसायच्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. कुणाचा वरचा ओठ हसताना फार वर जातो, त्यांना बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, पण काही महिन्यांत त्याचा असर उतरतो. ओठ खालीच राहावा असं वाटत असेल तर आतून छोटी शस्त्रक्रिया. दात किंवा जबडाच खाली आलेला असेल तर तारा, नाहीतर मोठं ऑपरेशन.

"हिचं त्यातल्या त्यात सोपं आहे, काकू. दात चांगले लांब आहेत, हिरडीने झाकलेत. लेझरने हिरडी जरा वर घ्यायची."

"हा आजार आहे का?" मी सरळ विचारलं.

"नाही. हिला आवडत नाही, एवढंच."

रिक्षात बसल्याबसल्या मी सांगून टाकलं, "काही गरज नाही."

"तू नको म्हणालीस तर नाही करणार," मुलगी म्हणाली. "पण कारण सांग ना."

कारण फार मागचं होतं.

आम्ही दहिसरला चाळीत राहायचो. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करायचे. आई मालवणकडची. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. आईला मशेरीची सवय. दात घासून घासून हिरड्या काळ्या पडलेल्या, म्हणून हसू आलं की तिचा पदर आधी तोंडावर जायचा. मी हसले की बजावायची, "अगो, तोंड मिट. हिरड्यो दिसतत."

बी.कॉम. झाले आणि स्थळांसाठी फोटो काढायचा ठरला. आईने मला बोरिवलीच्या स्टुडिओत नेलं. तिथे दिव्यांसमोर बसले आणि नेहमीसारखं मला खुदकन हसू यायला लागलं. आईने कमरेची चंची सोडली, त्यातली एक लवंग काढून माझ्या तोंडात घातली. "दातात घट्ट धर." मी धरली. लवंग झणझणीत. फोटो निघाला तेव्हा माझे ओठ शिवल्यासारखे मिटलेले आणि भुवया वर चढलेल्या.

तो फोटो तीन घरी गेला, तिन्ही घरून परत आला. तिसऱ्या वेळी मध्यस्थ बाईंनी घरी येऊन कारणही सांगितलं. "पोरगी शिकलेली आहे ना, मिजास दिसते, म्हणाले. फोटोतच एवढी आखडू, घरात काय करील!"

मला रडू येणार होतं. आईकडे बघितलं, तर ती हसत होती. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांतून पाणी, काळ्या हिरड्या साऱ्या चाळीला दिसतील अशा उघड्या. "त्यांका काय म्हायत," ती कशीबशी म्हणाली, "तुझ्या तोंडात लवंग होती ती!" मग मीही हसत सुटले. बाई चहा न घेताच गेल्या. पुढे माझं लग्न जमलं ते ऑफिसातल्या ओळखीतून, फोटोचं कुणी नावही काढलं नाही.

आईला तोंड न झाकता हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगी हसली की वरचा ओठ तसाच दुमडतो, नाक तसंच पसरतं, आणि मी हातातलं काम थांबवून बघत राहते. हे मी कुणाला बोलले नव्हते.

रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा बोलले. "तू हसलीस की मला माझी आई दिसते. म्हणून नको म्हणते."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आई, यार, मी काय आजीचा भिंतीवर लावलेला फोटो आहे का?"

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मला राग आला आणि हसूही आलं, आणि माझा हात तोंडावर गेला.

"बघ," ती म्हणाली. "तू अजून झाकतेस. बी.कॉम. होऊन!"

 बिल्डिंगच्या गेटपाशी उतरताना मी म्हणाले, "पुढच्या शनिवारची वेळ घे. मी येते बरोबर."

काम तासाभरात झालं. आठवडाभर मऊ भात, थंड दही, वरच्या ओठाला सूज, त्यावरून चिडचिड. आरशासमोर ती उभी असली की मी तिथून निघून जायचे.

त्यानंतर एका रविवारी मी स्वयंपाकघरात कोलंबी साफ करत होते. बाहेरच्या खोलीत ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि जोरात हसली. मी सवयीने हात थांबवला, दारातून डोकावले. लांब, पांढरे दात, वर हिरडीची बारीक रेघ. देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण आई त्यात नव्हती. मी तिला शोधत तशीच उभी राहिले, ओल्या हातांनी.

"काय बघतेस?" फोनवर हात ठेवून मुलीने विचारलं.

"तुला," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.