कोण कुणाचं

सास्तूरहून आतेभावाचा फोन आला, "आई गेली रं..." आणि पाठोपाठ, "कुणाकुणाला कळवायचं?" हे विचारायचं ते आत्यांनाच. जळकोटपासून लोहाऱ्यापर्यंत कोण कुणाची चुलतजाऊ, कुणाचं आजोळ कुठलं, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांना विचारल्याशिवाय आमच्यात सोयरीक पुढं सरकत नसे. "आत्या, तुमचं डोकं हाय का तहसील कचेरी?" मी चिडवायचो. "कचेरीला जेवायची सुट्टी तरी असती, मला ती बी न्हाय," असं त्या ठसक्यात म्हणायच्या.

गेल्या काही वर्षांत कुणी भेटलं की नातं सांगताना त्या अडखळू लागल्या. "ही लोहाऱ्याच्या लग्नात माझ्या पंगतीला होती... शेजारी तिची नणंद... म्हंजे ही आपल्या शांताची जाऊ!" उशिरा, पण पोचायच्या. सोलापूरला तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात, यांचं ते बोलणं कमी होत चाललंय. सध्या मेंदू आडवाटेनं काम भागवतोय, पण त्या वाटाही बुजतील. "हे घराण्यात उतरतं का?" मी विचारलं. "काही वेळा," ते म्हणाले. पुढचं मी ऐकलंच नाही.

त्यानंतर आत्यांनी माझ्या स्वातीसाठी स्थळ सुचवलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मुलाची आई म्हणजे माझी सख्खी मेहुणी! स्वातीचा मावसभाऊच की तो. घरात हशा पिकला. आत्या हसल्या नाहीत. जाताना दारात माझा हात धरून म्हणाल्या, "माणसं समदी दिसत्यात रं. कोण कुणाचं, तेवढंच सुटतंय... लई भ्या वाटतंय." पुन्हा त्यांनी कुणाचीच सोयरीक जुळवली नाही. मला त्यांची दया आली, असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं सांगायचं तर मला माझीच भीती वाटली.

दहाव्याला एक बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. नाव सुमन, गाव जळकोट, गुडघे दुखतात, चहा बिनसाखरेचा... सगळं आठवलं. आपल्या कोण, ते आठवेना. कुणाच्या लग्नात भेटलो होतो? शेजारी कोण बसलं होतं? त्या निघून गेल्यावर स्वातीनं विचारलं, "बाबा, या आपल्या कोण?"

"आपल्याच की," मी म्हणालो आणि तिनं पुढं काही विचारायच्या आत पाणी आणायला उठलो.