काकाचं ‘उठू या का?’

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका लांबलेल्या मीटिंगमध्ये बसले होते. पलीकडे नवरा होता. “काकाला अॅडमिट केलंय. तू निघच.” साहेबांचं बोलणं अर्ध्यावर होतं. मी पर्स उचलली आणि उठले. पोचले तेव्हा काका शुद्धीवर होता. म्हणाला, “मीटिंग संपली?” म्हटलं, “नाही रे, मध्येच उठले.” त्याचा चेहरा उजळला. “शहाणी आहेस.” त्याच संध्याकाळी तो गेला. महिना उलटून गेला, पण मला कुठेही धड बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. जन्म गिरगावातल्या चाळीतला, नोकरी शिवडीच्या गोदामात कारकुनाची आणि वेड संगीत नाटकांचं. पण नातेवाइकांत तो प्रसिद्ध होता मध्येच उठण्यासाठी. लग्नात अक्षता पडल्या की याची चुळबुळ सुरू. बारशाला बाळाचं नाव कळायच्या आत याच्या पायात चपला. “उठू या का?” हे त्याचं पालुपद, आणि आम्ही पोरं त्याची हुबेहूब नक्कल करायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. काकू घरी चक्कर येऊन पडली आणि तिथेच गेली, तेव्हा काका दादरला नाटकाला बसला होता. शेजारी त्याला शोधत थिएटरात शिरले, तर हा शेवटच्या पदाला उभा राहून ‘वन्स मोअर’ ओरडत होता. त्या दिवसापासून तो कुठे शेवटपर्यंत बसला नाही, आणि ते दोन शब्दही त्याने पुन्हा उच्चारले नाहीत.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर तो आमच्याकडे परळला राहायला आला. मी चाळिशीतही व्हिडिओ गेम खेळते, त्यावरून घरात टिंगल होते, होऊ दे. माझ्या लाडक्या गेममध्ये राक्षस आहेत, जादूगार आहेत आणि डोंगरात लपलेलं एक गाव आहे. त्या गावात कुणी हल्ला करत नाही. विहीर, चार कोंबड्या आणि बासरी-व्हायोलिनची एक चाल, जी संपते तिथूनच पुन्हा सुरू होते. काका दाराशी स्टुलावर बसायचा, चपला हाताशी ठेवून. मी लढाईत गुंतले की वैतागायचा, “अगं, कशाला त्या मारामाऱ्या? गावात चल ना!” गावात शिरलं की त्याचा सतत हलणारा पाय थांबायचा. एकदा म्हणाला, “हे बरंय. ह्याला शेवटच नाही. कधीही उठा, मध्येच उठलो असं होत नाही.”

मग नरिमन पॉइंटच्या हॉलमध्ये परदेशी वादक येऊन माझ्या ह्या आणि असल्या इतर गेम्सचं संगीत वाजवणार, असं कळलं. “ऑर्केस्ट्रा आहे काका,” म्हटल्यावर त्याचे डोळे लकाकले. “फर्माइशी घेतात का?” त्याच्या डोक्यात गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, चकाकत्या कोटातला निवेदक आणि मधूनमधून मिमिक्री. फर्माइशी घेत नाहीत म्हटल्यावर, “मग कसला डोंबलाचा ऑर्केस्ट्रा!” तरी इस्त्रीचा झब्बा घालून आला.

हॉलमध्ये पोरंपोरी योद्ध्यांचे वेष करून आलेली. काका खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पहिल्याच तुकड्याला कुजबुजला, “गाव कधी?” पत्रिकेत गाव सगळ्यात शेवटी होतं. एवढी एक गोष्ट त्याने पुरती ऐकावी, असं मला फार वाटत होतं. मध्यंतरात अपेक्षेप्रमाणे “उठू या का?” झालंच. म्हटलं, “गाव राहिलंय.” त्याने घरी फोन लावला, सगळं ठीक आहे ना म्हणून माझ्या नवऱ्याला तीनदा विचारलं आणि पुन्हा आत आला. दुसऱ्या भागात त्याचा पाय असा हलत होता की पुढच्या खुर्चीतली मुलगी वळून वळून बघत होती. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

गाव आलं आणि पाय थांबला. चाल एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, मग सगळे वादक एका सुरावर आले आणि थांबले. कार्यक्रमासाठी कुणीतरी तिला शेवट लावून दिला होता. टाळ्या सुरू झाल्या. काका उठून उभा राहिला. मला वाटलं, निघाला. आणि त्याने खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, “वन्स मोअर!” आजूबाजूला हशा पिकला. मला मात्र रडू फुटलं. आरोळी आपल्या नाटकातली, पण शब्द इंग्रजी, त्यामुळे वादकांपुढे छडी हलवणाऱ्या परदेशी साहेबाला बरोबर कळली. त्याने हसून मान लववली आणि गाव पुन्हा वाजवलं. काका खाली बसला. दुसऱ्यांदा आलेला शेवटही त्याने ऐकला. बाहेर पडताना म्हणाला, “घरी सगळं ठीक होतं ना गं?”

“होतं की.”

“मग झालं तर.”

स्टूल अजून दाराशीच आहे. काल धीर करून गेम लावला आणि थेट गावात जाऊन उभी राहिले. चाल फिरली, पुन्हा फिरली... चहा निवून गेला. आता माझा पाय हलत होता. ह्याला शेवट नाही, हे काकाचं बरोबरच होतं. पण दाराकडून “उठू या का?” असं कुणी विचारेना, आणि कधी उठायचं तेच मला कळेना.