बाळ नसताना आलेलं दूध

"तुम्हाला दिवस गेलेले नाहीत. गर्भपिशवी रिकामी आहे," जालन्याच्या डॉक्टरबाई सोनोग्राफी करता करता म्हणाल्या. मंग त्यांनी हात थांबवला. "पण दूध येतं म्हणालात ना?"

मी मान हलवली. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आठच दिवसांपूर्वी त्यांनी तीर्थपुरीच्या घरी माझी चोरओटी भरली होती. तिसरा महिना धरून, शेजारणीलाबी कळू न देता, हिरवी साडी अन् नारळ.

"मशीन जरा नीट फिरवून बघा की, बाई," आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी पुन्हा फिरवलं. काहीच नव्हतं.

चूक आमचीच. मी ती सांगून राह्यले ती तुमच्यापैकी कुणी करू नये म्हणून. लग्नाला चार वर्षं झाल्ती, पाळणा हलला नव्हता. पाळी चुकली तेव्हा मी मेडिकलातली पट्टी आणून बघितली, एकच रेघ आली. पण मी घरी ब्लाऊज शिवते. त्याच आठवड्यात मशीनवर बसले असताना माझ्याच ब्लाऊजला ओला डाग पडला. आत्याबाईंचा चेहरा असा फुलला! "पट्टीला काय कळतंय? दूध कधी खोटं बोलतं का, माय?" मलाबी तेच खरं असावं असं वाटत होतं. डोकं रोज ठणकायचं, ते मी शिलाईवर ढकललं.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, पित्ताच्या नाहीतर कसल्या गोळ्या चालू आहेत का, कारण काही गोळ्यांनीही असं होतं. मी न्हाई म्हणाले. मंग रक्त तपासलं, थायरॉइड अन् प्रोलॅक्टिन. प्रोलॅक्टिन म्हणजे अंगात दूध तयार करायला लावणारं हार्मोन. ते भलतंच वाढलं होतं. "डोक्याचा एमआरआय करा," त्या म्हणाल्या.

डोक्याचा? दुखणं पोटाचं अन् फोटो डोक्याचा!

एमआरआयच्या खोलीत अंगावर धातू चालत न्हाई. लग्नात घातलेली जोडवी मी पहिल्यांदा काढली. आत्याबाईंनी ती पदराला बांधून घेतली. आत मशीन ठकठक करत राह्यलं अन् माझ्या मनात एकच, आपण आता काही आई होत न्हाई. जगलो तरी होत न्हाई.

रिपोर्टला दोन दिवस लागले. रांगेतली एक बाई बोलून गेली होती, डोक्यातल्या गाठीनं डोळे जातात. मंग काय, मी दिवसभर सुईत दोरा ओवून बघायची. एकदा चार वेळा करूनही दोरा जाईना, तशी मी ओरडलेच. आमचे मालक धावत आले. "अगं, दोऱ्याचं टोक पिंजलंय. थुंकी लाव," म्हणाले. अन् दोरा त्यांनीच ओवून दिला.

संभाजीनगरच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्यावर तुरीच्या दाण्याएवढी गाठ आहे. कॅन्सर नाही. डोळ्याच्या नसेपासूनही लांब आहे."

"मंग पाळी का थांबली?" मी विचारलं.

"मेंदूत काही पेशी असतात. त्या थांबून थांबून इशारा देतात, तेव्हा पुढं अंडाशय काम करतं. बाळ अंगावर पीत असलं की प्रोलॅक्टिन वाढतं अन् त्या पेशींना गप्प बसवतं, म्हणजे दुसरं लगेच राहू नये. तुमची गाठ तेच प्रोलॅक्टिन सोडते. तुमच्या मेंदूला वाटतंय, मांडीवर बाळ आहे."

मी तिथंच रडले. अख्ख्या घरात ते बाळ माझ्या मेंदूलाच तेवढं दिसत होतं.

कॅबरगोलीन नावाची गोळी सुरू झाली, आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर. ती हे हार्मोन कमी करते. पहिले काही दिवस उठलं की गरगरायचं, मळमळायचं. दर वेळी वाटायचं, गाठ वाढली. दूध मात्र हळूहळू आटलं.

तिसऱ्या महिन्यात पाळी आली. आमच्याकडं चार दिवस बाजूला बसायची रीत आहे, कुणाला शिवायचं न्हाई. मी सवयीनं पडवीत चटई टाकली. चार वर्षं दर महिन्याला ती चटई दिसली की आत्याबाई तोंड फिरवायच्या. त्या दिवशी त्या आत गेल्या अन् चोरओटीची हिरवी साडी घेऊन आल्या. माझ्या चटईवर, मला खेटून बसल्या.

"आत्याबाई, शिवलात की!" मी दचकले.

"शिवू दे. ही साडी नेस," त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. "लेकरू येईल तवा येईल. तू हायेस ना, बास."

बायांनो, पोटात बाळ नसताना दूध आलं, पाळी थांबली, तर आधी रक्त तपासा, ओटी नंतर भरा. माझा दुसरा एमआरआय अजून व्हायचाय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण या खेपेला जोडवी काढायची वेळ आली की पदर कुणाचा, ते मला माहीत आहे.