आत्याचा ओला कोपरा

आमची आत्या तीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत होती. पांढऱ्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायची, घड्या घालायच्या. निवृत्त झाली तरी हाताला स्वस्थता नाही. माझी ओढणीसुद्धा खुर्चीवर दोन मिनिटं टिकत नसे.

मागच्या अंगणात नळाजवळचा कोपरा कायम ओलसर. बाबांना त्या कोपऱ्यासकट सगळ्या अंगणात सिमेंट घालायचं होतं. आत्याने कॅला लिलीचे तीन कंद आणले आणि म्हणाली, "यांना ओलच लागते. एक हंगाम थांब, दादा."

"गवंडी येईल त्या दिवशी फूल दिसलं, तर कोपरा तुझा," बाबा म्हणाले. आत्याने मान डोलावली.

पानं छान वर आली आणि महिन्याभरात पिवळी पडली. आत्या हैराण. शेवटी तिने नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने मूठभर माती नाकाशी नेली.

"मावशी, पाणी कुठलं घालता?"

"कपडे धुतलेलं. साबण-सोड्याचं चांगलं पाणी, फुकट का घालवू?"

"अहो, कंद वाढवताय की धुताय?"

तीस वर्षांची सवय नडली होती. मला हसू आवरेना, पण आत्या जी गुडघ्यांवर बसली ती संध्याकाळीच उठली. हातभर माती उपसून टाकली, पानांचं खत मिसळून नवी भरली. एक कंद सडला होता. उरलेले दोन्ही चार बोटं खोल लावले. "मेले नाहीत ना अजून? मग झालं," म्हणाली. त्यानंतर कपड्यांचं पाणी गटारात आणि झाडांना रोज नळाची स्वच्छ बादली. कंबर धरली, तरी ऐकेल तर शपथ.

गवंडी आला तेव्हा तळहाताएवढी हिरवीगार पानं होती. फूल नव्हतं.

"आपलं ठरलं होतं," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांचं काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही.

आत्या पानांसमोर जाऊन उभी राहिली. "ठरलं होतं खरं. चूक माझीच. आईने घर आपल्या दोघांच्या नावावर केलंय, दादा. माझ्याच घरात एवढ्याशा चिखलासाठी मी पैज का लावली?"

बाबा गवंड्याकडे वळले. म्हणाले, "तो कोपरा सोडून कर."

मी त्याच घरात वाढले. आत्या आमच्याकडे राहते, असंच आजवर सगळ्यांना सांगत आले होते.