मागच्या चाकाजवळची जागा

भावसिंगपुऱ्यात सरिता हिवराळेचं नाव निघालं की माणसं आधी हसतात आणि मग रस्ता देतात. हसतात, कारण ही बाई एखाद्या गोष्टीच्या हात धुऊन मागं लागली की सुटका नाही. रस्ता देतात, कारण तिची पाच सीटची पिकअप त्या गल्ल्यांच्या मानानं भलतीच दांडगी आहे. आधी बरीच वर्षं तिनं शाळेची व्हॅन चालवली. मग चार वर्षांपूर्वी ही गाडी घेतली, वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि लग्नांचा स्वयंपाक धरायला सुरुवात केली. मागं पातेली, पराती, शेगड्या, आत आशाबाई, सोनिया आणि सारजाबाई, स्टिअरिंगवर सरिता.

सगळा डोलारा सारजाबाईंच्या उजव्या हातावर उभा होता. साठीची ही बाई ज्वारीची भाकरी अशी थापायची की लोक आधी विचारायचे, "भाकरीवाल्या मावशी येणार ना?" मग बाकीचं बोलायचे.

आता चूक कुणाची, हे सरिता स्वतःच सांगते. भरलेली गाडी चौक्याच्या घाटात धापा टाकायची, म्हणून तिनं इंजिनाची ताकद वाढवून घेतली. गाडी काय पळायला लागली! महिनाभर सरिता हवेत होती. पण इंजिनातलं बळ मागच्या एक्सलमधून चाकापर्यंत जातं, आणि एक्सल होता तोच जुना. त्याला ते झेपेल का, हे तिनं कुणाला विचारलं नाही. मार्चमध्ये सिल्लोडचं लग्न आटोपून परत येताना घाटात कडाड आवाज झाला. एक्सलमधला उजव्या बाजूचा दांडा, म्हणजे शाफ्ट, तुटला, चाक शाफ्टाच्या तुकड्यासकट बाहेर आलं आणि उताराला लागलं. गाडी उजव्या कुशीवर बसली. त्या चाकाच्या अगदी पुढं, मागच्या सीटवर सारजाबाई होत्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं.

प्लॅस्टर निघालं. हात जरा वाकडा जुळला, पण घरी भाकरी होऊ लागली. सरिता बोलवायला गेली तेव्हा सारजाबाईंनी चहा केला, पोराबाळांची चौकशी केली आणि शांतपणे म्हणाल्या, "काम कर तू. मी तुह्या गाडीत पाय ठिवनार नाय." शिव्या दिल्या असत्या तर सरिताला बरं वाटलं असतं. पाठोपाठ आशाबाई आणि सोनियालाही घरची कामं आठवायला लागली.

सरितानं छावणीतलं नूरमोहम्मदचं गॅरेज गाठलं.

"जयभीम, नूरभाई. मागचं चाक पुन्हा निघालं नाय पायजे."

"जाडा शाफ्ट टाकू ना, बाई. टूटताच नै वो."

"आन् तुटला तर?"

"अरे, नै टूटता बोल्या ना."

"तुटला तर, नूरभाई?"

नूरमोहम्मदनं पाना खाली ठेवला. "तो चाक जाताय," तो म्हणाला.

मग त्यानं तिला खाली बसवून दाखवलं. तिच्या गाडीत चाक शाफ्टाच्याच टोकाला बसवलेलं होतं. चाक फिरवायचा तोच आणि वजन पेलायचाही तोच. मोठ्या ट्रकचं वेगळं असतं. तिथं वजन शाफ्टाभोवतीचं जाड नळीसारखं हौसिंग घेतं, चाकाच्या मधला हब त्यावर दोन बेअरिंगांत बसतो आणि शाफ्ट आतून फक्त फिरवायचं काम करतो. तो तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण चाक कुठं जात नाही.

"मंग तसलाच बसवा."

"पिकअपला? स्प्रिंगचे पाटे बदलावे लागतील, ब्रेक बदलावे लागतील, इंजिनाकडून येणारा लांब जॉइंट कापावा लागंल."

"बदला. कापा."

जुन्या मालाच्या बाजारात दोघांनी पाच आठवडे काढले. पहिला एक्सल लावून बघितला तर चाकं मडगार्डच्या चार बोटं बाहेर. दुसरा रुंदीला बरोबर होता, नूरमोहम्मद खूश झाला, पण सरितानं खडू मागितला. तिच्या गाडीची दोन्ही चाकं एक फेरी फिरवली की जॉइंट चार फेऱ्या फिरायचा, हे तिनं आधीच मोजून ठेवलं होतं. याचा फिरला जवळजवळ सहा. म्हणजे इंजिन बोंबलणार आणि गाडी रांगणार. "तुम्ही फिरवा, मी मोजते," म्हणत तिनं तीनदा मोजलं. नूरमोहम्मदनं कपाळाला हात लावला, पण तो एक्सल परत गेला. तिसरा दोन्ही हिशेबांत बसला. आरटीओची मंजुरी हातात पडेपर्यंत तिनं गाडी गॅरेजबाहेर काढली नाही.

सरितानं जाऊन सांगितलेलं सगळं सारजाबाईंनी ऐकून घेतलं. "तू म्हनती तर असंल," म्हणाल्या आणि डाळ निवडत बसल्या.

बोलून भागणार नाही, हे सरिताला कळलं. रविवारी सकाळी तिनं तिघींना विहारासमोरच्या उतारावर बोलावलं. गाडी उताराच्या तोंडाशी उभी होती, मागं पाण्यानं भरलेली पातेली. नूरमोहम्मदनं दोन्ही चाकांचे मधले बोल्ट काढले, हातभर लांबीचे दोन शाफ्ट ओढून काढले आणि सारजाबाईंच्या पायाशी ठेवले. हबच्या तोंडांवर फडकी बांधली. सरितानं गाडी चालू करून गिअर टाकला, रेस केली. इंजिन गरजलं, गाडी तसूभरही हलली नाही. सोनियाला हसू फुटलं.

"दोन्ही शाफ्ट तुटल्यात जमा हायेत," सरिता म्हणाली. "आता मी उतारावरनं खाली नेते. चाकाकडं बघा फक्त."

तेव्हा त्या सकाळी पहिल्यांदाच सारजाबाई बोलल्या. "माह्या जागेवर कोन बसनार?"

सरितानं गिअर काढला. मग उतरली, नूरमोहम्मदला स्टिअरिंगवर बसायला सांगितलं आणि मागचं उजवं दार उघडून आत बसली.

चार वर्षांत ती या सीटवर कधी बसली नव्हती. इथून पुढचा रस्ता धड दिसत नव्हता, हातात काही नव्हतं, आणि पाठीमागं हातभरावर ते चाक. नूरमोहम्मदनं हँडब्रेक सोडला. गाडी घरंगळली, पातेली खडखडली, आणि प्रत्येक आवाजाला सरितानं मान वळवून मागं पाहिलं. पुढच्या सीटमध्ये तिची नखं रुतली. सगळे हिशेब तिनं स्वतः केले होते, तरी ती भ्याली. आपण इतके दिवस या बाईला काय करायला सांगत होतो, हे तिला आत्ता समजलं, आणि लाज वाटली.

खाली ब्रेक लागला. पाणी हिंदकळलं. चाक जिथल्या तिथं होतं.

सारजाबाई सावकाश उतार उतरून आल्या. वाकड्या हातानं त्यांनी चाक चाचपलं, मग दार उघडलं. आत सरिता तशीच बसली होती.

"मावशी," ती म्हणाली, "लई भ्या वाटतं वो हितं."

"वाटतंच," सारजाबाई म्हणाल्या. "सरक तिकडं."

"आदी शाफ्ट तर बसवू द्या."

"बसव की. मी कुटं चालले?"

नूरमोहम्मद शाफ्ट आणायला वर गेला. ते बसून बोल्ट आवळेपर्यंत सारजाबाई त्या जागेवरून उठल्या नाहीत.